एक वेळापत्रक चंद्राचे, दुसरे डेपोचे

कोकणच्या किनाऱ्याने दिवसभर पायी हिंडायचे, तर दोन वेळापत्रके जवळ असावी लागतात. एक भरती-ओहोटीचे. ते चंद्र ठरवतो आणि तिथे कोणाचा वशिला चालत नाही. दुसरे एसटीचे. ते डेपोत ठरते, स्टँडवरच्या फलकावर रंगवलेले असते आणि शाळांना सुट्टी लागली, की त्यातल्या एक-दोन फेऱ्या फलकावर राहूनही रस्त्यावरून नाहीशा होतात. या दोहोंची सांगड घालता आली, की मग फारसे काही लागत नाही. मोटार नको आणि गिर्यारोहकाचा जामानिमाही नको. पायात सवयीच्या चपला, डोक्यावर टोपी, पिशवीत पाण्याची बाटली आणि भाकरी-चटणी. एवढ्या शिदोरीवर माणूस सकाळी एका गावात उतरतो, आठ-दहा मैल समुद्राच्या सोबतीने चालतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच गावाहून घरची वाट धरतो.

यातला ‘दुसऱ्याच गावाहून’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. स्वतःची गाडी घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्याची अडचण अशी, की जिथे गाडी उभी केली तिथेच त्याला परत यावे लागते. खुंट्याला बांधलेल्या गाईप्रमाणे तो दावे पुरेल तेवढेच चरतो. सुरूच्या बनात गाडी लावायची, दोनशे पावले वाळूत जायचे, मुलांना घोडागाडीची एक चक्कर मारून आणायची, शहाळे प्यायचे आणि निघायचे पुढच्या ‘पॉइंट’ला! समुद्र पाहून होतो, किनारा राहून जातो. किनारा ही लांबीची गोष्ट आहे. शाळेच्या पुस्तकात आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असे पाठ केले. त्याची खरी चव एका पुळणीवर उभे राहून कळत नाही. पुळण संपते, खडक लागतो, खडकावरून वाट सड्यावर चढते, सड्यावरून पुढची खाडी दिसते आणि खाडीपलीकडे नवे गाव. तिथले ग्रामदैवत वेगळे, बोलण्याचा हेल वेगळा, आगराला पाणी देण्याची तऱ्हासुद्धा वेगळी. हा क्रम पायांनाच समजतो. त्यासाठी परत फिरण्याच्या बंधनातून मोकळे व्हावे लागते आणि ते काम आपल्या लाल गाडीइतके कोणी केलेले नाही.

हे मला कोणा गिर्यारोहण मंडळाने शिकवले नाही, नोकरीने शिकवले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस माझी बदली किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी झाली. शाखेची कर्जे म्हणजे होड्यांची, जाळ्यांची, आंब्याच्या कलमांची आणि एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातल्या शेळ्या-म्हशींची. ज्या होडीसाठी कर्ज दिले ती होडी खरोखरच आहे की कागदावरच तरंगते आहे, हे अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहून यायचे असा दंडक होता. शाखेला जीप नव्हती. मग सकाळच्या एसटीने एका टोकाच्या बंदरात उतरायचे आणि एकेक होडी पाहत चालत दुसऱ्या टोकाला यायचे. ‘साहेब, भरतीला येऊ नका, ओहोटीला या. होड्या टेकल्या की पळत नाहीत,’ हा सल्ला शाखेतल्या शिपायाचा. कर्जवसुलीच्या कोणत्याही परिपत्रकात मला इतके शहाणपण आढळले नाही. निवृत्त झालो तशी कर्जे मागे पडली, चालणे तेवढे राहिले.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचे कोष्टक विकत आणावे लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. हिशेब तोंडी आहे. ज्या दिवशी जायचे त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ, दिवसाची तशीच रात्रीचीही. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन माध्यान्हीच्या आसपास पाणी चढलेले.

यात गूढ काही नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरकते. पूर्वजांनी त्याचा सोपा पाऊण तास केला, एवढेच. जागेनुसार थोडाफार फरक पडतो, म्हणून बंदरावर जाळे विणत बसलेल्या माणसाला एकदा विचारून घ्यावे. उत्तर मिनिटांत मिळत नाही, ‘आता पाणी लागलंय’ किंवा ‘अजून सुकती आहे’ असे मिळते. तेवढे पुरते.

चालणाऱ्याच्या दृष्टीने तृतीया ते षष्ठी हे दिवस उत्तम. ओहोटी सकाळी साधारण सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते आणि कोवळ्या उन्हात ओली, घट्ट वाळू पायाखाली मिळते. ओल्या वाळूत चालणे म्हणजे सडक. कोरड्या वाळूत पाऊल रुतते आणि मैलभरातच पोटऱ्या भरून येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला समुद्र सकाळी खूप आत जातो हे खरे, पण दुपारपर्यंत तितकाच अंगावर येतो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ओहोटी दुपारी येते आणि पाणी फारसे हटतही नाही.

या हिशेबाला गंमत म्हणून धरू नये. पाणी चढू लागल्यावर खडकाळ टोकाला वळसा घालायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ. हरिहरेश्वरला डोंगराला घातलेली प्रदक्षिणेची वाट किती सुंदर! लाटांनी कोरलेल्या खडकांतून ती जाते. पण तीच वाट भरतीला लाटांखाली असते. खाडीचे पाणी गुडघाभर दिसले, तरी ओहोटीची ओढ पायाखालची वाळू काढून नेते. अनोळखी खाडीत उतरू नये, पूल वा होडी शोधावी. हिरवे शेवाळ धरलेल्या दगडावर पाय देऊ नये. हे तीन नियम पाळले, तर नातवंडांना घेऊनही जाता येते.

कर्दे ते आंजर्ले

उदाहरणादाखल दापोली तालुक्यातला एक दिवस घेऊ. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईकराला खेड स्टेशन जवळ आले. खेडहून एसटीने घाट चढून दापोली. रात्री दापोलीत मुक्काम आणि सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या गाडीने कर्दे. तिथून उजवीकडे समुद्राला धरून, म्हणजे डावा हात समुद्राकडे ठेवून, उत्तरेला चालू लागायचे. आंजर्ल्यापर्यंत रमतगमत पंधराएक किलोमीटर होतात.

कर्द्याची पुळण मोकळी, लांबरुंद. सकाळी तिच्यावर माणसांपेक्षा खेकड्यांची गर्दी अधिक. वाळूवर त्यांनी घातलेली रांगोळी पुढच्या भरतीला पुसली जाणार, तरी रोज ते नव्या उमेदीने घालतात. पुढचे मुरूड. जंजिऱ्याचे मुरूड निराळे, हे दापोलीचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. कोवळ्या वयात सहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी अण्णा या गावाहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे हाच मुलगा १०४ वर्षे जगला आणि भारतरत्न झाला. आपल्या पंधरा किलोमीटरांचे कौतुक करून घेण्यापूर्वी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. तेव्हा एसटी नव्हती. ती आली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरापर्यंत.

मुरुडानंतर सालदुरे, पाळंदे. इथे पुळणी लहान होतात, मधेमधे खडक येतो आणि वाट डांबरी रस्त्यावर चढते. रस्त्यावर चालायला लागले म्हणून हिरमुसायचे कारण नाही. माडांच्या खोडांमधून समुद्र सोबत करतच असतो आणि अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या, कोकमे पाहायला मिळतात. मग एका वळणावर समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा राहतो.

हर्णैला एका जागी चार किल्ले आहेत. समुद्रात सुवर्णदुर्ग आणि जमिनीवर गोवा, कनकदुर्ग व फत्तेदुर्ग. कनकदुर्गावर आज दीपगृह आहे, तर फत्तेदुर्गावर वस्ती झाली आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने समुद्राकडून मारा केला आणि तुळाजी आंग्रे यांच्या हातून सुवर्णदुर्ग गेला. आपल्याच आरमाराचा पाय परक्याच्या मदतीने तोडण्याचा हा प्रसंग कनकदुर्गाच्या पायऱ्यांवर बसून आठवला, की भाकरीचा घास थोडा वेळ हातातच राहतो.

हर्णैपुढे पाजपंढरी ही कोळ्यांची दाट वस्ती. घराला घर लागलेले, ओट्यावर जाळ्यांचे ढीग, दोरीवर बोंबील. कॅमेरा काढण्याआधी इथे माणसाशी दोन शब्द बोलावेत. आपण त्यांच्या कारखान्यातून चाललेलो असतो. मग अडखळ आणि जोग नदीची खाडी. पूर्वी ही खाडी तरीतून ओलांडावी लागे. आता पूल आहे. पुलाच्या मध्यावर क्षणभर थांबले, तर एका बाजूला खारफुटी आणि दुसऱ्या बाजूला खाडीच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटा दिसतात.

आंजर्ल्यात शेवटची चढण राखून ठेवलेली असते. कड्यावरच्या गणपतीला पायऱ्यांनी जावे. देवळाच्या आवारातून मागे पाहिले, की सकाळपासून चाललेला किनारा आणि सुवर्णदुर्ग एका नजरेत येतात. आंजर्ल्याची पुळण ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची. माद्या हिवाळ्यात रात्री येऊन वाळूत अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्ले समुद्राकडे जातात. जवळच्या वेळास गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री पळवत, त्यांच्यासाठी आज गावे जागतात. आपण एवढेच करावे, की कुंपण घातलेल्या घरट्यांपासून दूर चालावे आणि अंधारात विजेरी फिरवू नये.

शेजारचे मुर्डी हे रँग्लर परांजपे आणि कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचे जन्मगाव. एवढ्याशा टापूत इतकी माणसे कशी निपजली, याचे उत्तर मला सापडलेले नाही. पण शाळेसाठी चालावे लागणे हा या सगळ्यांच्या मुलखाचा गुण होता खरा.

आता परतीची गाडी. आंजर्ल्याहून दापोलीकडे निघालेली एसटी हर्णैवरून जाते. वेळ असेल तर तिथे उतरून बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहावा. किनाऱ्याला लागलेल्या होड्या, वाळूवर मांडलेले पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे आणि त्यांच्याभोवतीची बोली लावणाऱ्या बायकांची लगबग. बँकेत तीस वर्षे काढूनही इतक्या वेगाने तोंडी हिशेब करणारे कारकून मी पाहिले नाहीत.

भारमानाचा हिशेब

इथवर वाचून वाचकांना वाटेल, की ही सहलीची माहिती झाली. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधल्यावाचून ती पुरी होत नाही. आपण ज्या वाटेने चाललो, ती दोन टोकांच्या दोन एसटी फेऱ्यांवर टांगलेली आहे. फेरी गेली, तर वाट तिथेच राहील, फक्त आपल्याला तिथे पोचता येणार नाही.

एसटीच्या भाषेत ‘भारमान’ असा शब्द आहे. गाडीच्या आसनांपैकी किती भरली, याचे प्रमाण. फेरी चालू ठेवायची की बंद करायची, याचा निर्णय करताना हा आकडा पुढे येतो. बँकवाल्याला त्यात अन्याय दिसत नाही. डिझेलचे पैसे कोणीतरी द्यायलाच हवेत. पण गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावरच्या फेऱ्यांवर एकामागून एक घाव बसले. आधी २०२० ची टाळेबंदी, मग २०२१-२२ मधला महिनोन्‌महिने चाललेला संप. त्या काळात ज्याला जमले त्याने दुचाकी घेतली, बाकीचे वडापच्या जीपमध्ये दाटीने बसायला शिकले. गाडी नसण्याची सवय झाली, की गाडी परत आल्यावर ती रिकामी धावते. रिकामी धावली, की बंद करायला सबळ कारण मिळते.

मग मागे कोण उरते? तालुक्याच्या कॉलेजात जाणारी मुलगी, साखरेच्या तपासणीला निघालेले आजोबा आणि सासरहून माहेरी निघालेली लेकुरवाळी. सरकारने सवलती दिल्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या माझ्यासारख्यांना अर्धे तिकीट पडते आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांनाही अर्धेच. या सवलतींनी किती आज्या पुन्हा घराबाहेर पडल्या, हे कोणत्याही सकाळी स्टँडवर उभे राहिले की दिसते. पण सवलत गाडीत मिळते. गाडीच नसेल, तर अर्ध्याचे काय आणि पुऱ्याचे काय!

दुसरा प्रश्न खाड्यांचा. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली आणि दापोली-गुहागर हा चिपळूणवरून घातला जाणारा लांबचा वळसा वाचला. वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ इथेही गाड्या वाहून नेणाऱ्या बोटी आल्या. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे सरकारने मनावर घेतले आहे. पुलाला नावे ठेवणे आपल्याला शोभणार नाही. अडलेल्या बाळंतिणीला मध्यरात्री खाडी ओलांडायची असते, तेव्हा फेरीच्या सौंदर्याविषयी बोलणाऱ्याला तिचे नातेवाईक काय म्हणतील, ते मी ऐकलेले आहे. मागणे एवढेच आहे, की पुलावर पायी चालणाऱ्याला हातभर रुंदीची जागा ठेवावी आणि पुलावरून एसटीही जावी. पूल नुसत्याच मोटारींसाठी झाला, तर होडीही गेली आणि गाडीही आली नाही, अशी गावाची स्थिती होईल.

तिसरी गोष्ट कुंपणांची. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे भरतीच्या रेषेखालचा समुद्रतळ सरकारच्या मालकीचा आहे आणि १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियमही आहेत. म्हणजे ओल्या वाळूवर कोणी खासगी मालकी सांगू शकत नाही. पण ओल्या वाळूपर्यंत नेणारी पाखाडी दोन आगरांच्या मधून जाते. तिथे गडग्याच्या जागी उंच भिंत आणि फाटक आले, की वाळू सर्वांची असूनही वाट थोड्यांची होते. जी वाट रोज चालली जाते, तिच्यावर सहसा फाटक बसत नाही. पाखाडीचा दस्तऐवज पायांनी लिहिला जातो.

मुंबईकर आणि इतर

दापोली लांब वाटत असेल, तर मुंबईकराने मालाडहून बसने मार्वे गाठावे, होडीने मनोरीला उतरावे आणि गोराईवरून उत्तनपर्यंत चालावे. उत्तनहून बस भाईंदर स्टेशनला आणून सोडते. खाडी ओलांडली, की मुंबईच्या इतक्या जवळ शेते आणि कोळीवाडे आहेत, याचे आश्चर्य वाटते. अलिबागकडे जाणाऱ्याने रेवदंडा ते कोर्लई हा छोटा टप्पा घ्यावा. रेवदंड्याच्या जुन्या तटातून निघून कुंडलिकेचा पूल ओलांडावा आणि कोर्लईच्या किल्ल्यावर चढावे. खालच्या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगिजातून घडलेली आणि मराठीच्या शेजारात वाढलेली एक वेगळीच बोली आजही ऐकू येते. साहित्यप्रेमींसाठी गणपतीपुळे ते मालगुंड. अंतर इतके थोडे, की देवदर्शन आटोपून केशवसुतांच्या जन्मगावी सहज पायी जाता येते. मालवणकडे असाल, तर तारकर्लीवरून देवबागपर्यंत. तिथे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी असते, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी.

काळ दिवाळीनंतरचा ते फेब्रुवारीअखेरचा. जाताना मुलांकडे तिथीच्या पाऊणपटीचे काम सोपवावे. पाढे कशासाठी पाठ करायचे, हे त्यांना आपोआप कळेल. स्टँडवरच्या नियंत्रकाला मात्र मोठ्यांनीच दोन प्रश्न विचारावेत: परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि सुट्टीच्या दिवशी ती धावते का? तो मान वर न करता उत्तर देईल, पण देईल बिनचूक. जेवण गावातल्या खानावळीत घ्यावे, आधी सांगितले तर माशाचे कालवण आणि तांदळाची भाकरी मिळते. प्लॅस्टिकची बाटली घरी परत आणावी.

आणि संध्याकाळी, पाय दुखत असताना, समोर वडापची जीप ‘चला काका, लगेच सोडतो’ म्हणून उभी राहिली, तरी दहा मिनिटे थांबून एसटीनेच यावे. तुमच्या-माझ्या दृष्टीने ते एक तिकीट असते. डेपोतल्या कागदावर त्या फेरीच्या भारमानात एकाची भर पडते, आणि कॉलेजातून परतणाऱ्या त्या मुलीची संध्याकाळची गाडी पुढच्या महिन्यातही वेळेवर लागण्याची शक्यता तेवढी वाढते.